युरोपातल्या जुन्या मशिदी: घुमटाआधी छताचं पाणी कुठे जातं ते बघा

पन्हळ
कॉर्दोबा, एदिर्ने, सारायेव्हो इथल्या मशिदींचा विषय निघाला की बोलणं बहुतेक 'इस्लामी शैली' या दोन शब्दांपाशी थांबतं. पण कॉर्दोबात रोमन खांब आहेत, बोस्नियात घडीव दगड आणि शिसं आहे, पोलंडमध्ये नुसते लाकडाचे ओंडके आहेत. हाताशी जे सामान होतं आणि त्या गावाला जे कारागीर होते, त्यांनी इमारत ठरवली. म्हणून माझा आग्रह असा की नक्षी मागाहून पाहावी. आधी दोन गोष्टी शोधाव्यात: छताचं वजन जमिनीपर्यंत कसं उतरतं आणि छतावरचं पाणी कुठून बाहेर पडतं.

सुरुवात कॉर्दोबापासून करू. स्पेनमधल्या या गावी उमय्यद घराण्यातल्या पहिल्या अब्द अल-रहमानने ७८५-७८६ च्या सुमारास मशिदीचं काम सुरू केलं. किबल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीला काटकोनात जाणारे, खांबांच्या रांगांमधले ११ लांबट पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यावर स्वतंत्र उतरतं छप्पर. म्हणजे वरून पाहिलं तर शेजारी शेजारी लावलेल्या लांबट घरांसारखं दिसतं. दोन छपरांच्या मधल्या खोबणीत पाणी जमतं. ती खोबण कुठे आहे? थेट खांबांच्या रांगेवर. वरच्या कमानींवरची भिंत मुद्दाम जाड ठेवली आहे आणि तिच्या माथ्यावरून पन्हळ जाते. खालून दिसणाऱ्या दुमजली कमानी ही एका अर्थी पाण्याची पन्हळ उचलून धरणारी रांग आहे. रोमन जलसेतूशी तिची तुलना होते ती त्यामुळेच, आणि मेरिदाच्या जलसेतूत दगड-विटांचे आलटून-पालटून थर आहेत हेही त्यात आलं.

बिघाडही इथूनच सुरू होतो. दोन पाख्यांच्या मधली पन्हळ पानं-माती साचून तुंबली की पाणी मागे सरकतं आणि भिंतीत टेकलेली तुळयांची टोकं कुजवतं. तुळई मधोमध ठणठणीत दिसते, सडलेलं असतं ते भिंतीतलं टोक. अठराव्या शतकात इथल्या लाकडी छताखाली गिलाव्याच्या हलक्या कमानी छतं करून लाकूड झाकलं गेलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही भागांत ती काढून पुन्हा लाकडी छत केलं. दोन्ही छतं आज आत दिसतात, फरक करून बघण्यासारखा आहे.

खडीसाखर
चांगला विषय. दोन शंका. एक, ते खांब इतके बारीक आणि बुटके असताना छत एवढ्या उंच कसं गेलं? दोन, लाल-पांढऱ्या कमानी फक्त शोभेसाठी की त्याला बांधकामाचं कारण आहे?

पन्हळ
खांब बुटके होते हीच अडचण होती. ते जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले, प्रत्येकाची उंची वेगळी. लांब खांब जमिनीत थोडे उतरवले, आखूड खांबांखाली बैठका घातल्या आणि माथे एका पातळीत आणले. खांबाच्या शीर्षावर एक रुंद दगडी उशी आहे, तिच्यावर चौकोनी स्तंभ उभा केला. त्या स्तंभाच्या पायाशी खालची नालाकार कमान, माथ्याशी वरची अर्धगोल कमान. नीट पाहिलं तर खालच्या कमानीवर काहीच उभं नाही, ती हवेत मोकळी आहे. तिचं काम शेजारच्या दोन स्तंभांना एकमेकांपासून ढळू न देणं. वजन वरची कमान घेते. शिवाय वर जाता जाता जाडी वाढत जाते: खांब बारीक, त्यावरचा स्तंभ रुंद, सगळ्यात वर भिंत आणि पन्हळ सर्वांत जाड. असं उलटं वाढणारं बांधकाम खालच्या कमानींशिवाय टिकलं नसतं.

रंगाचं म्हणाल तर लाल म्हणजे वीट आणि पांढरा म्हणजे चुनखडीचा दगड. कमानीतल्या एका पाचरीला एक दगड, पुढच्या पाचरीला उभ्या लावलेल्या काही विटा. सगळ्या पाचरी दगडात घडवण्यापेक्षा घडाईचं काम निम्म्यावर येतं आणि विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांमुळे कमान थोडी हलली तरी सामावून घेते.

घडीव_दगड
वरच्यात एक दुरुस्ती घालतो, कारण फोटो पाहताना फसगत होते. सगळ्या लाल पट्ट्या विटेच्या नाहीत. खलिफाचा प्रमुख कारभारी अल-मन्सूर याने ९८७ च्या सुमारास पूर्वेला जी वाढ केली, त्यात आठ पट्टे नवे आले आणि एकूण १९ झाले. त्या भागातल्या पाचरी सगळ्या दगडाच्या आहेत, लाल रंग वरून दिलेला आहे. रंग उडालेल्या ठिकाणी हे सहज ओळखू येतं.

त्याआधीच्या खलिफा दुसऱ्या हकमची वाढ (९६२ पासून) मात्र वेगळ्या दर्जाची. तिथे खांब जुने नाहीत, मुद्दाम घडवून घेतलेले. गुलाबी आणि काळपट निळा असे आलटून-पालटून, आणि त्यांना तळाशी बैठक नाही. आधीच्या मेहराबेतले (किबल्याची दिशा दाखवणारी भिंतीतली जागा) चार खांब तेवढे काढून नव्या मेहराबेला लावले. ही मेहराब म्हणजे भिंतीतला कोनाडा नव्हे, आत आठकोनी खोली आहे आणि तिच्यावर एकसंध शिंपल्यासारखं छत. समोरच्या मोझेइकसाठी कारागीर आणि काचेचे तुकडे बायझंटाइन सम्राटाकडून आले.

त्याच मेहराबेसमोरचा घुमट विसरू नका. आठ कमानी एकमेकींना छेदत जातात, मध्ये मोकळा अष्टकोन उरतो आणि त्यावर छोटा पाकळ्यांचा घुमट बसतो. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांना ही भूमिती लगेच कळेल. तिथेही एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी चौकोनाचा अष्टकोन करतात. फरक असा की विजापुरात त्या कमानी बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाच्या घुमटाखाली आधार म्हणून आहेत, कॉर्दोबात त्या स्वतःच छताचा सांगाडा आहेत. दोन्हींमध्ये जवळपास ७०० वर्षांचं अंतर आहे आणि एकाने दुसऱ्याची नक्कल केली असं म्हणायला काही आधार नाही. चौकोनावर गोल बसवायचा प्रश्न सारखा, म्हणून उत्तरं जवळ आली.

हीच युक्ती लहान मापात बघायची तर तोलेदो. बाब अल-मर्दूमची मशीद, हिजरी ३९०, म्हणजे इसवी सन ९९९-१०००. जेमतेम आठ मीटरचा चौकोन, मध्ये चार खांब, त्यामुळे नऊ खण. नऊही खणांवरची छतं वेगवेगळ्या रचनेची. एका छोट्या इमारतीत नऊ नमुने! वीटकाम शिकणाऱ्याने तिथे अर्धा दिवस मान वर करून उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. दर्शनी भागावर बांधणाऱ्याचं नाव आणि वर्ष विटांतूनच कोरल्यासारखं लिहिलंय.

वाटाड्या
कॉर्दोबाची किबला दिशा चुकलेली आहे असं वाचलं होतं. हिशेब चुकला का?

घडीव_दगड
भिंत दक्षिणेकडे झुकलेली आहे, मक्का तिथून पूर्व-आग्नेयेला आहे, एवढं खरं. पण 'चुकला' म्हणू नये. आधीच्या रोमन शहराचे रस्ते ज्या कोनात होते त्याच कोनात इमारत बसते, हे एक कारण दिलं जातं. दुसरं असं की उमय्यद घराणं सीरियातलं आणि सीरियातून किबला दक्षिणेलाच येते. पुढच्या वाढींच्या वेळी खगोलाची गणितं चांगली अवगत होती, तरी दिशा बदलली नाही, कारण बदलायची तर सगळी खांबांची रांग तिरकी करावी लागली असती.

उलट उदाहरण हंगेरीतल्या पेचचं. गाझी कासिम पाशाची मशीद सोळाव्या शतकातली, जवळच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चच्या दगडांतून बांधली. ती आग्नेयेकडे वळवली म्हणून गावातल्या चौकाशी तिरकी उभी आहे. आज ही मशीदच चर्च म्हणून वापरात आहे आणि आतली बाकं, वेदी यांची दिशा बसवताना विसाव्या शतकात मागे वेगळी वाढ करावी लागली.

सुरखी
आता थोडं पूर्वेकडे येऊ. उस्मानी (ऑटोमन तुर्कांच्या) मशिदींचा घुमट म्हणजे वीट, चुना आणि शिसं. यातला चुना आपल्या वाचकांना परका नाही. तिकडे 'होरासान' म्हणतात तो मसाला म्हणजे आपली सुरखी: भाजलेल्या विटांचा चुरा घातलेला चुना. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आवळतो, जाड भिंतीच्या पोटात तो वर्षानुवर्षं ओलाच राहतो. विटेच्या चुऱ्यातल्या भाजलेल्या मातीमुळे चुना पाण्यातही धरतो, म्हणून घुमट, हमाम (स्नानगृहं), पाण्याच्या टाक्या यांना तोच लागतो. साधारण एक भाग विरवलेला चुना आणि अडीच ते तीन भाग चुरा-वाळू मिळून. चुना विरवून किमान काही महिने पाण्याखाली मुरवलेला हवा. घाईने वापरला तर न विरलेले कण भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात.

घुमटाच्या वरच्या भागात विटा एकमेकींवर दाबल्या जातात. पण खालच्या तिसऱ्या भागात घुमट बाहेर पसरू पाहतो आणि तिथे विटेला ताण येतो. म्हणून भेगा नेहमी उभ्या असतात आणि बहुधा खिडक्यांच्या डोक्यावरून निघतात. बाहेरचा आठकोनी पट्टा, त्यात दडवलेलं लोखंडी किंवा लाकडी कडं आणि कोपऱ्यांवरचे जड मनोरे हे सगळं त्या पसरण्याला आवळून धरण्यासाठी.

तुर्कस्तानातल्या एदिर्नेत हे शिकायला तीन पायऱ्या एकाच गावात आहेत. एस्की जामी (१४०३-१४१४) मध्ये एक मोठा घुमट टाळून नऊ घुमट. उच शेरेफेली (१४३८-१४४७) मध्ये सुमारे २४ मीटरचा एक घुमट सहा आधारांवर. आणि वास्तुकार सिनानची सेलिमिये (१५६८-१५७४), सुमारे ३१ मीटरचा घुमट आठ खांबांवर. आधार चारावरून आठावर गेले की मधलं अंतर कमी होतं, कोपऱ्यातली कमान छोटी होते आणि भिंतीवरचा भार इतका उतरतो की तिच्यात खिडक्याच खिडक्या काढता येतात. सेलिमियेतला उजेड तिथून आला आहे.

शिशाबद्दल. घुमटावर आधी माती-भुशाचा थर, त्यावर दोन-तीन मिलिमीटरचे शिशाचे पत्रे. कडा एकमेकींत दुमडून बसवतात, उघड्यावर खिळा मारत नाहीत. कारण उन्हात शिसं पसरतं, रात्री आक्रसतं. खिळ्याने जखडलं तर भोकापासून फाटत जातं. मातीचा थर काढून त्याजागी सिमेंट केलं की दोन नुकसानं. ताज्या सिमेंटची अल्कली शिशाला खालून खाते आणि आतली वाफ अडकून विटा ओल्या राहतात. वरून पत्रा चकचकीत आणि आतून गिलावा गळतोय, असं दिसलं तर आधी हाच संशय घ्यावा.

अवांतर: अल्बेनियात श्कोदरला अठराव्या शतकातली 'शिशाची मशीद' आहे. घुमटांवरच्या शिशामुळे हे नाव पडलं. पुढे ते शिसंच काढून नेलं गेलं, नाव राहिलं.

खडीसाखर
ओसरीच्या कमानींमध्ये आडव्या लोखंडी सळया दिसतात, फोटोत त्या फार खुपतात. त्या नंतरच्या दुरुस्तीतल्या का?

सुरखी
मुळातल्याच. ओसरीचे खांब सडपातळ, वर तीन किंवा पाच छोटे घुमट, आणि बाहेरच्या बाजूला रेटा घ्यायला भिंत नाही. कमान जिथून उगवते तिथे ती सळई दोन खांबांना एकत्र बांधून ठेवते. शोभेला आड येते म्हणून सळई कापली की काही वर्षांत खांब बाहेर कलतात. सळईचा खरा शत्रू म्हणजे तिचं टोक, जे खांबाच्या माथ्यात गाडलेलं असतं. तिथे पाणी शिरलं की गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो आणि माथ्याचा दगड उभा चिरतो.

घडीव_दगड
हाच गंजाचा मुद्दा मिनारांना जास्त लागू. उस्मानी मिनार बघा: पाया, निमुळता होत जाणारा जोडभाग, सोट, सज्जा, त्यावरची मान आणि शिशाने मढवलेली लाकडी टोपी. सोट आतून पोकळ, पण जिन्याची प्रत्येक पायरी हा एक दगड मधल्या खुंटापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत जातो. म्हणजे जिना हीच मिनाराची हाडं आहेत, तो भिंतीला आतून बांधून ठेवतो. दगडांना आडवे लोखंडी आकडे आणि उभे खुंट, आणि त्या खाचांत वितळलेलं शिसं ओततात. शिसं तिथे दोन कामं करतं: लोखंडाला हवा-पाणी लागू देत नाही आणि भूकंपात दगड हलले तर थोडं दबून देतं. बोस्नियातल्या मोस्तारच्या पुलाच्या दगडांतही हीच जोडणी आहे, एकाच परंपरेचं काम.

ओतताना दगड कोरडा ठणठणीत हवा. खाचेत ओल असेल तर वाफ होऊन वितळलेलं शिसं उसळतं. दुरुस्तीच्या कामात होणारे भाजण्याचे अपघात यातूनच होतात.

सेलिमियेचे चार मिनार सुमारे ७० मीटर उंच आणि सोट जेमतेम चार मीटर रुंद. त्यातल्या दोघांत तीन स्वतंत्र जिने आहेत, तीन सज्ज्यांना जाणारे, एकमेकांना न भेटणारे. सेव्हिलची हिराल्दा मात्र वेगळ्या वळणाची: ११८४ ते ११९८ मधला, अल्मोहद राजवटीतला मिनार, चौकोनी, आणि आत पायऱ्यांऐवजी ३५ उतार. त्यावरून घोड्यावर बसून वर जाता येत असे. वरचा घंटाघराचा मजला १५५८-१५६८ मधला ख्रिस्ती काळातला.

सुतारपक्षी
दगड-विटांच्या चर्चेत लाकूड नेहमी मागे राहतं, म्हणून लिहितो.

ग्रीसच्या दिदिमोतिखोत १४२० मधली मोठी मशीद आहे. भिंती दोन मीटरहून जाड, मध्ये चार दणकट खांब, सगळी तयारी घुमटाची. पण वर बसलं ते शिशाने मढवलेलं लाकडी पिरॅमिडसारखं छत, आणि आत त्या लाकडाला टांगलेला लाकडीच घुमट. असं जुनं लाकूडकाम युरोपात फार थोडं उरलं होतं. २२ मार्च २०१७ ला दुरुस्ती सुरू असतानाच छताला आग लागली आणि ते जळून गेलं. जुन्या लाकडी छताला सर्वात मोठा धोका दुरुस्तीच्या काळातच असतो. शतकानुशतकं वाळलेलं लाकूड, आत साचलेली धूळ, वर पत्रा असल्याने पाणी आतपर्यंत पोचत नाही, आणि परांचीवर वायरी व तापलेली अवजारं. शिशाच्या कामात ज्योत लागतेच, म्हणून काम थांबल्यावरही काही तास कुणीतरी वर पहाऱ्याला ठेवणं हा नियम अशा कामांवर मोडता कामा नये.

खरा घुमट परवडत नसेल तिथे बाल्कनमध्ये पट्ट्यांचा घुमट करतात. लाकडी फासळ्या, त्यांवर बोटभर अंतराने बारीक पट्ट्या, त्यावर केस किंवा तंतू मिसळलेला चुन्याचा गिलावा. बाहेरून कौलारू चौपाखी छप्पर, आत गोल घुमट. तेतोव्होची रंगीत मशीद (आजचं रूप १८३३ चं) बाहेरून साध्या वाड्यासारखी दिसते, पण भिंतींवर आत-बाहेर रंगीत चौकटीच चौकटी आहेत.

आणि आता उत्तरेकडच्या तातारांच्या मशिदी, माझ्या आवडीच्या. लिथुएनियात चाळीस तातारांचं गाव (१८१५), राइझ्याई (१८८९), पोलंडमध्ये क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी. बांधणारे स्थानिक सुतार, त्यांना लाकडी चर्चं बांधायची सवय. म्हणून क्रुशिन्यानीच्या मशिदीला समोर दोन बुरूज आहेत आणि लांबून ती गावचर्चच वाटते. आत मात्र मक्केच्या दिशेला मेहराबेचा बाहेर आलेला छोटा खण आणि स्त्रियांसाठी वेगळी खोली.

भिंत आडव्या ओंडक्यांची, कोपऱ्यात खाचा करून एकमेकांत अडकवलेली. लाकूड लांबीला जवळपास आक्रसत नाही, रुंदीला आक्रसतं. आडवे ओंडके एकावर एक म्हणजे सगळं आक्रसणं उंचीतून जातं. तीन मीटरची भिंत पाच-दहा सेंटिमीटर बसू शकते. म्हणून खिडकी-दाराच्या चौकटीवर मोकळी फट ठेवतात आणि ती फळीने झाकतात. नंतरच्या दुरुस्तीत कुणी ती फट भरून टाकली की भिंतीचं वजन चौकटीवर येतं, दार अडकतं आणि ओंडक्यांमध्ये फटी पडतात. सडतो तो नेहमी सगळ्यात खालचा ओंडका, पागोळीचं पाणी जमिनीवरून उडून त्याला लागतं. जॅक लावून भिंत थोडी उचलायची, तेवढा ओंडका बदलायचा. हे काम एका बाजूला एकदम करायचं नाही, टप्प्याटप्प्याने.

वाटाड्या
बोस्नियात युद्धात पाडलेल्या मशिदी पुन्हा उभ्या केल्या. त्यांना जुन्या म्हणायचं का? मला तरी नवी इमारत म्हणावीशी वाटते.

घडीव_दगड
असं सरसकट म्हणता येत नाही. बान्या लुकाची फरहादिया (१५७९) ७ मे १९९३ ला स्फोटाने पाडली आणि ढिगारा हलवून दूर नेऊन टाकला. पुन्हा बांधताना ते तुकडे शोधून काढले, मोजले, त्यांच्या मूळ जागा ठरवल्या आणि जे शक्य ते परत बसवले. २००१ मध्ये पायाभरणीच्या वेळी दंगल झाली, इमारत उघडली ती ७ मे २०१६ ला. फोचाच्या अलाजा मशिदीचे (सोळाव्या शतकाच्या मध्यातली, १९९२ मध्ये उद्ध्वस्त, मे २०१९ मध्ये पुन्हा खुली) दगड द्रिना नदीत आणि पुरलेल्या जागी सापडले.

तुकडा ओळखायचा कसा? छिन्नीचे घाव कोणत्या दिशेचे, आकड्याची खाच कुठे, शिसं ओतण्याचा मार्ग कुठून, पाचरीचा कोन किती. पाचरीच्या दोन बाजूंच्या कोनावरून कमानीचा व्यास निघतो, व्यासावरून ती कोणत्या खिडकीची हे कळतं. जुना दगड जिथे बसला तिथे त्याची झीज दिसू द्यायची, शेजारचा नवा दगड त्याच खाणीतला पण ताजा. मला हे प्रामाणिक वाटतं. उलट सारायेव्होच्या गाझी हुसरेव बेग मशिदीचा (१५३०-३१) सांगाडा जुनाच, मधला घुमट १३ मीटरचा, पण युद्धानंतरच्या दुरुस्तीत आतली रंगीत नक्षी गेली, भिंती पांढऱ्या झाल्या आणि पुढे नव्याने रंगवल्या गेल्या. म्हणजे 'मूळ' इमारतीत नवे थर आणि 'नव्या' इमारतीत मूळ दगड.

वाटाड्या
हे लक्षात आलं नव्हतं, माझं वाक्य मागे घेतो. एक भर: भारताशी थेट नातं असलेली म्हणजे इंग्लंडमधली वोकिंगची शाहजहान मशीद, १८८९. भोपाळच्या बेगम शाहजहान यांच्या देणगीतून, म्हणून ते नाव.

खडीसाखर
मे महिन्यात कॉर्दोबाला जाणाऱ्यांनी नेमकं काय पाहावं, पन्हळ?

पन्हळ
आधी बुरुजावर चढा, तिकीट वेगळं असतं. तो घंटाघराचा बुरूज म्हणजे आत तिसऱ्या अब्द अल-रहमानचा दहाव्या शतकातला मिनार आणि १५९३ पासून बाहेरून त्यावर घातलेलं दगडी आवरण. वरून सगळी समांतर छपरं एका नजरेत दिसतात आणि मध्ये १५२३ ला सुरू झालेलं कॅथेड्रल कसं घुसवलंय तेही. कोणती पन्हळ कुठून कुठे जाते हे वहीत काढून घ्या. मग खाली उतरून त्याच पन्हळीखाली उभं राहा आणि खांबाच्या शीर्षापासून वर बोटाने मोजत जा: उशी, स्तंभ, मोकळी कमान, भार घेणारी कमान. शेवटी पूर्वेच्या भागात जाऊन लाल पाचरीला जवळून बघा, वीट आहे की रंग. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते आणि खांबांच्या तळाशी नजर पोचते. कुठला खांब जमिनीत उतरवला आहे आणि कुठल्याला बैठक दिली आहे, ते तिथेच कळतं.